मोळीवालीने वाचवलेला चाफा

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी मसोलीच्या आमच्या अंगणातला जिवंत चाफा सरपणाला द्यायला निघाले होते. शिकलेली होते ना, विचारायची लाज!

चाफा सासूबाईंनी हाताने लावलेला. त्या महिनाभर वलसाडला बहिणीकडे गेल्या आणि इकडे त्याची पानं गळू लागली. घाबरून मी रोज दोन बादल्या पाणी ओतलं, तरी शेवटी हरणाच्या शिंगांसारख्या नुसत्या फांद्या उरल्या. सासूबाई परतायच्या आत मेलेलं झाड नाहीसं करावं, म्हणून मी रस्त्यावरच्या मोळीवालीला हाक मारली. ती रोज दुपारी समुद्राच्या वाऱ्यात डुलत जायची, डोक्यावरच्या मोळीला बोटही न लावता. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

तिने मोळी उतरवली, कोयता काढला, पण चालवला नाही. सालीवर नखाने हळूच ओरखडा काढला. पांढरा चीक टपकन वर आला. मग तिने पायाने बुंध्याजवळचा चिखल चाचपला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. काय म्हणाली, ते मी अजून विसरले नाही.

त्या चाफ्याखाली आता मी दुपारची डुलकी काढते. फुलं अंगावर पडत राहतात. नातवंडं उठवायला आली, की डोळे न उघडता त्यांना मोळीवालीचंच बोलणं ऐकवते:

"अगो बाय, मेला नाय तो, निजलाय. तुला निजेत कोनी बादलीभर पानी ओतला, तं चालंल का?"