तिसरा हात

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात नव्या गाड्यांचा रंग तपासतात. ही तपासणी घरी आल्यावरही थांबत नाही. लिफ्टमध्ये माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्यामागच्या पत्र्यावर असते. "ओघळ आलाय, राव," ते हळहळतात.

नाताळला ते हॅम करतात. डुकराची अख्खी मांडी भाजायची आणि तिच्यावर गूळ-संत्र्याचा पाक ब्रशने चढवायचा. ब्रश फिरला की ते म्हणतात, "एक हात झाला."

यंदा आम्ही जेवायला गेलो तेव्हा तिसरा हात सुकत होता. धूळ बसू नये म्हणून पंखे बंद होते. अखेर मांडी टेबलावर आली. त्यांनी मोबाइलच्या उजेडात ती चारही बाजूंनी न्याहाळली. कुठेही डाग नव्हता. तिच्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो भुकेला होता.

सुरी घेऊन ते नुसते उभे राहिले.

"चरा पडेल गं," ते बायकोला म्हणाले.

"अहो, ही विकायचीय की वाढायचीय?"

"वाढायचीय. पण..."

भात निवत चालला. वहिनींनी सुरीसाठी हात पुढे केला, तसे ते घाईने म्हणाले, "थांब! खालून काप. खालून गिऱ्हाईक बघत नाही."

आम्ही पोटभर जेवलो. मांडी वरून शेवटपर्यंत चकचकीत राहिली.

माझी गाडीही चाकणचीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याखाली वाकून पाहिलं.