आधी भिजव, मग बोल

सकाळी मी डबे भरत होते, तोच दार वाजलं. दारात भिंगकाका, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले मदतनीस.

“वहिनी, तुमच्या धुण्याच्या दगडावरचं शेवाळ वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी ओळखलं म्हणे! कालची पोर ती. तिच्या हातात पहिलं भिंग मी दिलं.”

“मग शिष्या तुमचीच की!”

“कसली शिष्या! शेवाळाच्या इवल्या पानाच्या टोकाला पांढरा केस आहे म्हणते, त्यावरून त्याची जात ठरवली. केस नाहीच. लावा पैज!”

ते दगडापाशी उकिडवे बसले. वाळून पिळवटलेल्या पानांवर भिंग धरून म्हणाले, “बघा, कुठाय केस?”

मी नळाखाली हात ओला करून पाणी शिंपडलं. बघता बघता पानं चांदणीसारखी उलगडली. प्रत्येक पानाची मधली शीर टोकाबाहेर येऊन पांढरा केस झाली होती.

काकांचा चेहरा पडला. ‘आधी भिजव, मग बोल’ हे त्यांनीच पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. जळफळाटात स्वतःच विसरले.

भिंग पुसत ते हळूच म्हणाले, “वहिनी, पुढच्या वेळी शेवाळ दिसलं, तर आधी मला बोलवा.”