मामंजींचा आयपीस आणि चार शहाणे

चार शहाणी माणसं रोज एका माळवदावर जमली की किस्से कुणी करावे लागत न्हाईत, केरासारखे आपोआप साचतात. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरावरच्या माळवदावर असा केर बख्खळ साचला. तेव्हा केर काढायला मीच होते, आता किस्से काढायलाही मीच उरले!

निजामाचं राज्य होतं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांनी दीड वर्ष काचेवर काच घासून एक आरसा केला, त्याला चांदीचा मुलामा दिला, पत्र्याच्या नळीत बसवला आणि दुर्बीण उभी केली. हट्ट एकच. देवयानी नक्षत्रात एक धुरकट ठिपका हाय, तो आपल्या आरशातून आपल्या डोळ्यानं बघायचा. घाई अशासाठी, की एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात उतरायला लागलेला.

"आरसा झाला, सूनबाई," ते म्हणायचे. "आता डोळ्यापाशी लावायचा आयपीस तेवढा चांगला पाह्यजे. अन् डोळा हाय तवर पाह्यजे."

मदतीला तीन दोस्त. वकीलसाहेब, ज्यांना सगळं कळायचं. कापडवाले शेटजी, ज्यांना आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं. आणि घड्याळवाले करीमचाचा, ज्यांना खरंच कळायचं, म्हणून त्यांना कुणी विचारायचं न्हाई!

*

मुंबईहून पार्सल आलं. आत दोन आयपीस, एक पाव इंची, एक इंची; इंच जितका कमी तितकं मोठं दाखवणार. पसंत पडेल तो ठेवा, दुसरा वापस करा.

निवड कशी करायची? शेटजी म्हणाले, "माझ्यावर सोडा. तीस वर्षं माल पारखून राह्यलो." दोन्ही आयपीस दुकानी नेले, मांजरपाटाच्या ठाणावर ठेवले आणि भर दुपारी आकाशाची परीक्षा कापडावर घेतली. संध्याकाळी पाव इंची नाचवत आले.

"मास्तर, ह्याच्यात धागा न् धागा मोजता येतो! बिलकुल डोळे झाकून घ्या!"

मामंजी म्हणाले, "शेटजी, डोळे झाकूनच बसायचं असतं तर घेतला कशाला असता?"

तरी ठेवला तोच. त्यांनाही वाटलं, नजर कमजोर हाय, तर मोठ्यात मोठं दाखवणारा बरा. इंची बिचारा वापस गेला.

*

पहिल्या रात्री चंद्र लावला. नळीत मावेना! वकीलसाहेबांनी चंद्रावरचे खड्डे बघून नगरपालिकेचे रस्ते आठवल्यासारखं तोंड केलं. शेटजी मात्र नळीच्या बुडाशी उकिडवे बसून खालून बघून राह्यलेले. "मला तर पत्राच दिसतो!" ह्या दुर्बिणीत बाजूनं बघायचं असतं, हे त्यांना चौथ्या दिवशी पटलं.

चंद्र मावळल्यावर मामंजींनी नळी देवयानीकडं फिरवली. बघितलं, पुसलं, परत बघितलं. मंग वकीलसाहेब वाकले.

"काय दिसतंय?" शेटजींनी विचारलं.

"अंधार," वकीलसाहेब म्हणाले. "पण केवढा मोठा!"

करीमचाचा कोपऱ्यातून हळूच बोलले, "मास्टरजी, ये धुवाँ है, चाँद नहीं. जितना ताणाल उतना पातळ होणार."

मी मनात म्हटलं, बरोबर हाय. वाटीभर ताकाची घागरभर कढी केली तर तिला चव कुठली? पण सुनेला कोण विचारतंय! मी चहाचे पेले उचलले.

*

खंडेनवमी आली. घरात कुऱ्हाड, विळा, अडकित्ता सगळ्यांची पूजा, मंग दुर्बिणीनं काय पाप केलं? माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, नळीला हळद लावली, आरशाला लांबून नमस्कार केला आणि आयपीसच्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. चांगलं तुपात कालवलेलं.

त्या रात्री वकीलसाहेबांनी डोळा लावला आणि ओरडले, "मंगळ!"

मामंजी म्हणाले, "मंगळ आज तिकडं न्हाई."

"म्हणजे मी खोटं बोलतो? लालभडक आहे!" त्यांनी नळी पूर्वेला नेली. मंगळ! उत्तरेला नेली. मंगळ! तेवढ्यात शेटजींचा चेहरा उतरला. त्यांच्या लेकीची सोयरीक चालू होती. ते म्हणाले, "चारी दिशेला मंगळ! मास्तर, मी आठ दिवस पाहुण्यांना थांबायला सांगतो."

आणि खरंच सांगितलं!

*

कुंकू सापडल्यावर आत्याबाईंना वाईट वाटलं. आपण केलं ते आपणच निस्तरावं म्हणून सकाळी त्यांनी आयपीस आडावर नेला आणि देवाची पितळी भांडी घासतात तसा चिंच अन् राख लावून लख्ख घासला. पितळ असं चमकलं, की आकाश सोडून तेच बघत बसावं! काच मात्र राखेनं पांढरी झाली.

मामंजी तीन दिवस कुणाशी बोलले न्हाईत. आत्याबाई तीन दिवस जेवल्या न्हाईत. चौथ्या दिवशी मामंजींनी स्वतः ताट वाढून त्यांच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "जेव. मला एकट्याला मोतीबिंदू, म्हणून आयपीसला वाईट वाटत होतं. आता आम्ही दोघं जोडीचे झालो!"

*

पुढं लढाई सुरू झाली, मुंबईचं पार्सल बंद. वकीलसाहेबांनी हैदराबादच्या कुण्या जुन्या घरातून एक आयपीस पैदा केला. वजनानं तोलणाऱ्याला पसंत पडावा असा, ताकाच्या लोटीएवढा जड. भोक मात्र मिरीएवढं! डोळा पार चिकटवल्याशिवाय काही दिसायचं न्हाई.

वकीलसाहेबांनी पहिला कायदा केला. "बायकांनी ह्याला हात लावायचा न्हाई. नाजूक चीज आहे."

बरं! मी हात लावलाच न्हाई. माळवदावर कुणी न्हाई बघून दिवेलागणीला नुसता डोळा लावला. शुक्र दिसला, तो पण केस विंचरलेला न्हाई असा, चहूकडं किरणं पिंजारलेला. मी खाली आले.

रात्री वकीलसाहेबांनी तासभर डोळा चिकटवून आकाश बघितलं. मामंजींना पाळीच मिळाली न्हाई. सकाळी वकीलसाहेब तसेच गडबडीत कचेरीत गेले, काळा कोट, पांढरा फेटा आणि उजव्या डोळ्याभोवती माझ्या काजळाचं गोल कडं!

मुन्सिफसाहेबांनी वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "वकीलसाब, सुरमा एकाच डोळ्याला? दुसरी आँख फिर्यादीकडून हाय का?"

*

दोन वर्षं अशी गेली. मामंजी आता भिंतीला हात लावून चालायचे. विचारलं की म्हणायचे, "भिंतीला आधार देऊन राह्यलो, पडंल म्हणून." दोस्तांपुढं तर नजर बराबर असल्याचाच आव.

मंग एक दिवस करीमचाचांनी फडक्यातून एक वस्तू काढली. फौजेच्या भंगारातल्या फुटक्या दुर्बिणीची दोन रुंद भिंगं, बाभळीच्या लाकडात बसवलेली.

"हे काय?" शेटजी म्हणाले. "उखळाचं पिल्लू?"

"शेटजी, इसमें बड़ा नहीं दिखता," चाचा म्हणाले, "उजेड जास्त येतो. जागा पण जास्त दिसते."

"बड़ा नहीं दिखता तर घ्यायचा कशाला?" वकीलसाहेब म्हणाले. मामंजींनी मात्र तो मुठीत धरला आणि सोडलाच न्हाई.

गावात दिवे फार, म्हणून कार्तिकातल्या अवसेला बैलगाडीनं हसनाबादला माझ्या माहेरच्या मळ्यात गेलो. वाटेत फुफाटा उडणार, म्हणून मी नळीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं. जेवणं झाली. दुर्बीण उभी केली. मामंजी म्हणाले, "कंदील विझवा. पहिला डोळा माझा. त्याआधी कुणी बघायचं न्हाई."

वकीलसाहेबांनी नळीवरच्या खिळ्याच्या टोकानं नेम धरून ती देवयानीकडं लावली. मामंजींनी चाचांच्या आयपीसला डोळा टेकवला. बैल रवंथ करत होते तेवढाच आवाज.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मंग मामंजी म्हणाले, "दिसला."

आवाज असा, की शेटजींनी पागोटं काढलं.

"लांबट हाय. मधी दाट, कडंला विरत गेलेला. अगदी असाच असणार म्हटलं होतं मी."

वकीलसाहेब लगेच वाकले. "वा! काय तेज आहे!" शेटजी वाकले. "अहाहा! मांजरपाट तो मांजरपाट, मलमल ती मलमल!"

मंग करीमचाचा वाकले. वाकले आणि तसेच राह्यले. सावकाश सरळ झाले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बहू, जरा तू देख."

मी डोळा लावला. काळं. नुसतं काळं. मी हात वर नेला, नळीच्या तोंडाशी. लुगड्याचं फडकं तसंच!

अंधारात गाठ सोडली, फडकं कमरेला खोचलं आणि परत डोळा लावला. मंग मला कळलं मामंजी दीड वर्ष काच का घासत होते. मी चाचांकडं बघितलं, चाचांनी हळूच मान डोलावली.

मी म्हटलं, "मामंजी, आता आणखी वर आलाय. अजून एकदा बघता का?"

त्यांनी माझ्या खांद्याला धरून आयपीस चाचपला. डोळा टेकवला. बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. "बराबर मघासारखाच."