दोन दाण्यांची शेंग

नायगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या अम्मांना कुणी भरतकाम दाखवायला आणलं, की त्या आधी कापड उलटं करायच्या. समोरचं फूल, पोपट, वेल यांकडे त्यांचं लक्षच नसे. मागे गाठी दिसल्या, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा ओढत नेलेला दिसला, की कापडाची घडी करून परत. "समोरून समदेच चांगले दिसतेत," म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं काम हातात घेतलं, की त्याची सुलट बाजू कोणती हे मला पंधरा वर्षांत कधी खात्रीनं सांगता आलं नाही.

त्या मूळच्या देगलूरकडच्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, म्हणून सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. नवरा गेलेला, मुलगा निजामाबादला नोकरीला. सकाळची कामं उरकली की उजेडाकडे तोंड करून ओसरीवर बसायच्या. उन्हाळ्यात बोटांना घाम येतो, दोरा मळतो, म्हणून शेजारी वाटीत तांदळाची पिठी. पेन्सिलीनं नक्षी काढून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे; कापडाचे धागे मोजायचे आणि थेट सुरुवात करायची. मोजताना कुणी बोललेलं खपत नसे. एकदा मुलगा आठ महिन्यांनी दारात येऊन उभा राहिला, तर त्याला हातानं 'थांब' अशी खूण केली आणि मोजणी पुरी करूनच उठल्या.

आमची मुक्ता जन्मापासून दृष्टिहीन. सहा वर्षांची झाली तेव्हा तिला लातूरच्या एका निवासी शाळेत घालायचं ठरलं. तिथे सगळ्या मुली तिच्यासारख्याच. सामानाच्या यादीत सहा साधे पांढरे शर्ट होते. कॉलरच्या आत शाईनं नंबर घाला, असं प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं. परतताना एसटीत मुक्तानं विचारलं, "आई, माझा नंबर कोण वाचणार?" घरी आल्यावर ती म्हणाली, "मग मी न्हाई जात." दोन दिवस तेच. जेवताना तेच, झोपताना तेच.

मी एक शर्ट घेऊन अम्मांकडे गेले. "छातीवर काहीतरी भरून द्या, हाताला लागेल असं."

चार दिवसांनी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. शर्टावर मोर होता. एवढासा, पण पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळ्या निळ्याचा, आणि मान अशी की आता वळेल. मी बघतच राहिले. मुक्तानं त्यावरून बोट फिरवलं.

"काय हाय हे?"

"मोर हाय, बंगारू," अम्मा म्हणाल्या. लाडात आल्या की त्या तिला बंगारू, म्हणजे सोनं, म्हणायच्या.

"मोर कसा असतो?"

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मग त्यांनी शर्ट मांडीवर ओढला, डब्यातून छोटी कात्री काढली आणि मोर उसवायला घेतला.

मी त्यांचा हात धरला. "अम्मा, राहू द्या हो! दुसऱ्या शर्टावर काढा काय काढायचं ते."

"सोड. हा मोर म्या तुझ्यासाठी काढला. शर्ट लेकराचा हाय."

उसवता उसवताच त्यांनी मुक्ताला विचारलं, "तुझ्या हाताला काय काय वळखू येतं, सांग बरं." मुक्ता एकेक बोट मोडत सांगू लागली. चिंचोका. कुलपाची किल्ली. शेरडाचा कान. भुईमुगाची शेंग. शेंग तिच्या विशेष आवडीची. कानाशी हलवून मगच फोडायची. अम्मा उठल्या आणि आतून मूठभर शेंगा घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी मी डोकावले, तर अम्मा जुन्या ओढणीनं डोळे बांधून बसल्या होत्या. मांडीवर रिंगेत ताणलेला शर्ट, शेजारी शेंग. शेंग चाचपायच्या, कापड चाचपायच्या, मग सुई घालायच्या. "डोळे उघडे असले की हात बघणाऱ्यासाठीच काढतो," म्हणाल्या. धागा धागा मोजणारी ती बाई अंदाजानं टाके घालत होती. बोटाला सुई टोचून पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला होता, आणि तो त्यांना दिसत नव्हता. मी ओल्या बोटानं हळूच पुसून काढला. त्यांना सांगितलं नाही.

पहिली शेंग मुक्तानं चाचपली आणि म्हणाली, "ही भेंडी हाय." अम्मांनी उसवली. दुसरीला म्हणाली, "चिंच." तीही उसवली. मी मुक्तावर चिडले, तर अम्मा माझ्यावरच उखडल्या. "तिला नको बोलू. इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं न्हाई."

तिसऱ्या वेळी त्यांनी खाली कापूस भरला, मध्ये कंबर घट्ट आवळली आणि वरून जाड दोऱ्याची जाळी घातली. जिच्या कामात उभ्या जन्मात गाठ दिसली नव्हती, तिनं जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर मुद्दाम गाठ दिली. शाळेच्या नियमाला बाधा नको, म्हणून सगळं पांढऱ्यावर पांढरं.

मुक्ताचं बोट शेंगेच्या टोकापासून निघालं, कमरेशी थांबलं, पुन्हा मागे गेलं. मग तिनं दोन बोटांनी दाबून पाहिलं.

"अम्मा, ह्यात दोन दाणे हायेत!"

अम्मांनी उरलेले पाच शर्ट पुढ्यात ओढले. जूनमध्ये मुक्ता रडली, पण गेली.

पहिल्या सुट्टीत ती पाचच शर्ट घेऊन आली. "एक सुरेखाला दिला. तिला तिचा शर्ट सापडत नव्हता, ती लई रडत होती." अम्मा रागावतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्या हाताला काय वळखू येतं, ते इचारलंस का?"

"हाव. जोडवं. तिच्या आईच्या पायातलं."

पुढे किती वर्षं अम्मांच्या ओसरीवरून लातूरला शर्ट जात राहिले. कुणाचं जोडवं, कुणाची बाजरीची कणसं, कुणाची कंदिलाची काच.

एकदा मी त्यांना शाळेत घेऊन गेले. मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते; सगळे पांढरे, माझ्या नजरेला एकसारखे. चारची घंटा झाली आणि मुली धावत आल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही, विचारलं नाही. दोरीवरून हात फिरले आणि बघता बघता जिचा तिचा शर्ट जिच्या तिच्या खांद्यावर. अम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत त्या पदराचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी माझं काम कसं धरत होत्या, बघितलंस? असं कुणी धरलं न्हाई कधी."

मुक्ता दहावीत असताना अम्मा निजामाबादला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. आम्हाला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मुक्ता आता नांदेडला कॉलेजात आहे. परवा घरी आली होती. शेंगा निवडता निवडता म्हणाली, "आई, अम्मा दिसायला कशा होत्या गं?"

मी सांगू लागले. सावळ्या, ठेंगण्या, केसांचा पांढरा अंबाडा, नाकात चमकी, सुती पातळ. हाताला लागेल असं त्यात काहीच नव्हतं.

तिनं हातातली शेंग कानाशी हलवली आणि म्हणाली, "एवढंच?"