खडकाची राहिलेली उत्तरपूजा

म्हैसूरबाहेर बन्नूरच्या रस्त्याला, उसाच्या शेतांमागे एक खडक आहे. उंची तीन मजली घराएवढी. त्याला डोंगर म्हणणं म्हणजे आमच्या मामांना सेनापती म्हणण्यासारखं आहे. मामांची अर्थात हरकत नसते. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, एवढ्या भांडवलावर त्यांचं आयुष्य ऐटीत गेलं आहे.

रविवारी आम्ही काहीजण तिथं चढतो. खडकात बोल्ट ठोकलेले आहेत. त्यांत दोर अडकवत वर जायचं. दोराला एकदाही न लोंबकळता जो पहिल्यांदा माथा गाठेल, त्यानं त्या वाटेला नाव द्यायचं. उजवीकडची वाट अजून बिननावाची होती. माझी धाकटी बहीण कितीतरी दिवस तिच्या मागे लागलेली, आणि दर वेळी शेवटच्या बोल्टखाली तिचा हात सुटायचा. दसऱ्याच्या तोंडावर बँकेनं तिची बदली गुवाहाटीला केली. हाताशी उरला फक्त दसऱ्यानंतरचा रविवार.

खंडेनवमीला आमच्या घरी तलवार पुजतात. यंदा मामांनी आमचे दोरही पुजायचं ठरवलं, तेही थेट खडकापाशी. उत्साहाच्या भरात त्यांनी खडकालाही हळदकुंकू लावलं, उजवीकडच्या पहिल्या बोल्टला झेंडूची माळ घातली. पुजलेल्या वस्तूची दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून देवाला निरोप द्यायचा, मगच ती वापरायची, ही आमची रीत. दोर घरी आणले होते; त्यांच्यावर आईनं अक्षता टाकल्या. खडक कोण घरी आणणार? मामा तर त्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीच्या पासावर पुढच्या रांगेत बसले होते.

रविवारी पाहतो तर माळेखाली कुणीतरी पणती लावून दोन केळी ठेवलेली. बहीण देवळात जाते ती प्रसादाच्या गोड पोंगलापुरती. पण बूट बांधून ती तशीच उभी राहिली.

“दादा, पाय कसा ठेवू?”

दगड आहे तो, मी म्हटलं.

“मग तू ठेव.”

मी केळ्यांकडे पाहिलं आणि मामांना फोन लावला.

मामांचे गुडघे दुखत होते, शिवाय अग्रहार पेठेत त्यांचा सत्कार होता. देव अजून तिथं बसलाय, सुम्ने, उगाच कुणाला चढू देऊ नकोस, असं त्यांनी मला बजावलं. बहिणीनं फोन घेतला.

“मामा, तुम्ही बसवलात, तुम्हीच उठवा. उद्या मी जाणार.”

तासाभरानं मामा ऑटोतून उतरले. डोक्याला सत्काराचा जरीचा पेटा, खांद्यावर शाल. त्यांनी अक्षता टाकल्या, माळ उतरवली, हात जोडले आणि बस सुटल्यावर बघतात तसं लांबवर पाहिलं.

“हं. गेला.”

ती चढली. शेवटच्या बोल्टखाली तिनं दोनदा पाय बदलला. मी दोर सांभाळत होतो. मामा एका हातानं पेटा धरून वर पाहत होते. मग तिचा हात वर गेला, आणि टिकला.

ती माथ्यावर पोचताच मामांनी खालून एका पूर्वजाचं नाव सुचवलं, पदव्यांसकट.

“नाव ठेवलं, मामा,” वरून आवाज आला. “उत्तरपूजा.”

मामांनी पेटा सारखा केला. मग देव गेलाच आहे म्हणत त्यांनी एक केळं सोललं, आणि माझे हात दोरात अडकलेले पाहून दुसरं तिच्यासाठी राखून ठेवलं.