चष्म्याच्या अकरा चुका

आपल्याला सगळं दिसतं, असं ज्याला आयुष्यभर वाटत आलं अशा एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याला फारसं काही दिसत नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. हल्ली तो स्वतःच ते सांगतो आणि सांगताना स्वतःची भरपूर टर उडवतो, त्यामुळे आपणही थोडी उडवली तर त्याची हरकत नसावी.

एका बेताच्या खपाच्या दैनिकात तो मुद्रितशोधक होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहायचं आणि यानं त्यातल्या चुका काढायच्या. अठ्ठावीस वर्षं हाच उद्योग. ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. तोंडावर तो कपाळाला आठ्या घाली, पण मनातून त्याला ते नाव भारी आवडे. चित्रपटाचं परीक्षण लिहिणारा उपसंपादक एकदा अचानक नोकरी सोडून गेला आणि त्या आठवड्यात दुसरं कुणी मोकळं सापडेना, म्हणून भिंगाला धाडलं. भिंगानं चित्रपटही प्रूफ तपासावं तसाच तपासला. खलनायकाच्या डाव्या हातातली सिगारेट पुढच्या क्षणी उजव्या हातात कशी गेली? पावसात चिंब भिजलेला नायक दारातून आत येईपर्यंत वाळला कसा? परीक्षणाखाली त्यानं एक चौकट टाकली, 'सापडलेल्या चुका'. परीक्षण कुणी वाचलं नाही. चौकट मात्र लोकांनी एकमेकांना वाचून दाखवली.

झालं, गडी समीक्षक झाला. चौदा वर्षं दर शुक्रवारी त्याचं सदर येत राहिलं. बोलताना तो हनुवटीला बोट लावू लागला. वाक्याच्या मध्येच थांबून छताकडे बघू लागला. हे सगळं करताना अंगातला स्वेटर उलटा असे आणि एका पायात काळा, दुसऱ्यात निळा मोजा असे, ते वेगळं. लग्न त्यानं केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "संहिता पसंत पडली नाही." खरं म्हणजे त्याला कुणी फारसं विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात सोमवारी संपादकबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यापासून पानं कमी होणार होती.

"तुमचं सदर ठेवायचं की बंद करायचं, ते या शुक्रवारी ठरवू," त्या म्हणाल्या. "परीक्षणाचं राहू द्या, ते काय कुठेही मिळतं. चौकट दणदणीत पाहिजे. गुरुवारी सहाच्या आत."

सदर गेलं तर भिंग पुन्हा नुसता मुद्रितशोधक होणार होता, मागच्या खोलीतला, ट्यूबलाइटखालचा. त्याच्या मते जगाची यात मोठी हानी होती. जगाला याची कल्पना नव्हती.

बुधवारी सकाळी पत्रकारांसाठी ठेवलेला खेळ होता. चाळीस खुर्च्यांचं लहानसं थिएटर, आत आठ माणसं. चित्रपट एका नवरा-बायकोचा होता आणि जवळजवळ सगळा त्यांच्या दोन खोल्यांत घडत होता. नवरा बाहेर एकदम लाघवी. शेजारणीच्या जड पिशव्या तीन मजले वर नेऊन देणारा, कामावर सगळ्यांचा लाडका. घरात आला की दार लावून घ्यायचा, आणि मग जे व्हायचं ते दिग्दर्शकानं कसलंही संगीत न वाजवता, कॅमेरा न हलवता दाखवलं होतं. मारण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून नीट टेबलावर ठेवायचा. बायको ओरडायची नाही. उलट ती उठून खिडकी बंद करायची.

भिंगाला ते बघवेना. पुढच्या रांगेतला एकजण बाहेर गेला तो परत आलाच नाही. भिंगालाही जावंसं वाटलं, पण समीक्षक उठून जात नसतात, असं त्यानं स्वतःच कधीतरी छापलं होतं. मग त्यानं नेहमीचा आडोसा शोधला. वही उघडली आणि चुका मोजायला लागला. चुका मोजायला लागलं की समोर काय चाललंय ते अंगावर येत नाही, हे त्याला चौदा वर्षांत छान साधलं होतं.

आणि घबाड हाती लागलं. बायकोचा चष्मा! भाजी निवडताना तिच्या डोळ्यांवर चष्मा, नवरा आत येतो त्या दृश्यात चष्मा गायब. टीव्ही बघताना आहे, नवरा शेजारी येऊन बसतो तेव्हा नाही. एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा. भिंग अंधारात खुदकन हसला. पडद्यावर तेव्हा ती बाई जमिनीवरून काहीतरी गोळा करत होती, ते त्यानं पाहिलं नाही. तो आकडा लिहीत होता.

गुरुवारी दुपारी परीक्षण लिहून तो ताईकडे गेला. ही त्याची थोरली बहीण, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी चार वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून ती एकटी राहत होती आणि लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची. खिडकीपाशी शिलाई मशीन, दोरीवर लटकलेल्या पँटी, प्रत्येकीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. दर गुरुवारी परीक्षण छापायला जाण्याआधी तो तिला वाचून दाखवायचा. ती मशीन चालवत ऐकायची आणि शेवटी "बरंय" म्हणायची. गेली चार वर्षं ती एवढंच म्हणत होती आणि भिंग त्याचा अर्थ 'अप्रतिम' असा लावत होता.

त्यानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. दिग्दर्शकाच्या धाडसाचं कौतुक झालं. 'अस्वस्थ करणारं वास्तव' झालं. मग त्याचा ठरलेला 'मात्र' आला. "मात्र नवऱ्याचं पात्र पटत नाही; बाहेर इतका सज्जन असलेला माणूस घरात इतका क्रूर वागेल, ही अतिशयोक्ती वाटते."

ताईनं दोरा तोडला.

"आता चौकट ऐक," तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला. "यावर माझं सदर टिकणार आहे. 'नायिकेचा चष्मा तब्बल अकरा वेळा गायब होतो. नवरा आला की चष्मा गुल. दिग्दर्शकानं सगळ्या चित्रपटावर मेहनत घेतली, पण सेटवर चष्म्याची राखण करायला माणूस नेमायचा राहिला.'"

आपल्याच विनोदावर तो हसला. मशीन थांबलं होतं.

"काढून कुठे ठेवते ती?" ताईनं विचारलं.

"काय?"

"चष्मा."

भिंगानं वही चाळली. "एकदा फ्रीजवर दिसतो. तीच तर चूक ना, मधेच फ्रीजवर कसा—"

"फ्रीजवर नाही ठेवायचा," ताई म्हणाली. "तिथे त्यांचा हात लागतो. मी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे."

ती हे अगदी सहज म्हणाली, पँट दोन इंच आखूड करायची आहे असं सांगावं तसं. भिंगाला काही क्षण काहीच कळलं नाही. वाचकांना एव्हाना कळलं असेल. पण वाचकांनी स्वतःला कधी भिंग म्हणवून घेतलेलं नाही.

"जिन्यात पाऊल वाजलं की आधी चष्मा," ती पुढे म्हणाली. "काच डोळ्यात गेली तर संपलंच की. आणि नवीन करायचा म्हटलं की पुन्हा डॉक्टरसमोर उभं राहा, कसा फुटला ते सांगा. त्या दिग्दर्शकाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. अशी गोष्ट मनानं सुचत नाही."

भिंग वहीकडे बघत राहिला. त्याला एकेक आठवायला लागलं, आणि आठवेल ते सगळं त्याच्याच अंगावर येऊ लागलं. तो ताईकडे गेला की ती मिचमिचे डोळे करून त्याच्याकडे बघायची. चहात साखरेऐवजी मीठ पडायचं. हा तिला भाऊजींसमोर चिडवायचा, "काय नटी, चष्म्यानं सौंदर्य कमी होतं वाटतं?" भाऊजी मोठ्यांदा हसायचे, याच्या पाठीवर थाप मारायचे. हे सगळं कितीदा झालं असेल? अकराहून नक्कीच जास्त. तिच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. कपाटाचं दार लागलं, असं तिनं सांगितलं होतं. एखाद्या चित्रपटात कुणी हे कारण दिलं असतं तर यानं 'पटकथा कच्ची' म्हणून दोन परिच्छेद लिहिले असते. इथे त्यानं हळद लावायला सांगितली होती.

भाऊजी गेले तेव्हा पेपरातलं निवेदनही यानंच लिहिलं होतं. 'प्रेमळ पती' असं त्यात होतं. ताई म्हणाली होती, नुसतं नाव दे. याला वाटलं, दुःखात माणसाला शब्द नकोसे होतात. त्यानं तिची समजूत काढली आणि 'प्रेमळ'च्या आधी 'अत्यंत' घातलं.

"तू मला कधी बोलली का नाहीस गं?" त्यानं विचारलं.

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "आले होते की. तुझ्या ऑफिसात. तू प्रूफं तपासत होतास. मी म्हटलं, मला काही दिवस तुझ्याकडे राहू दे."

त्याला ते लख्ख आठवत होतं. आठवणारच, कारण तो प्रसंग त्यानं गेली वीस वर्षं चारचौघांत रंगवून रंगवून सांगितला होता. ताई रुसून आली, मी तिला चहा पाजला आणि बाहेर जाऊन गुपचूप भाऊजींना फोन लावला. पंधरा मिनिटांत गडी हजर, हातात फुलं. या वाक्याला हमखास हशा यायचा. ताई तिथे असली तर तीही हसायची.

"त्या दिवशी," ताई म्हणाली, "घरी पोचल्यावर चष्मा काढायला वेळच मिळाला नाही."

भिंगाला रडू आलं. त्याला फार लाज वाटली, आणि आपल्याला लाज वाटतेय याचीही लाज वाटली. रडायचा हक्क तिचा होता आणि ती तर टाचण्या वेचत बसली होती.

तेवढ्यात फोन वाजला. संपादकबाई. "पाच वाजून गेले. मजकूर कुठे आहे?"

"परीक्षण पाठवतो," तो म्हणाला. "त्यातलं एक वाक्य काढायचंय. नवऱ्याचं पात्र पटत नाही, ते. पात्र पटतं."

"आणि चौकट?"

त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली. "माझ्यावर काही लिहायचं नाही हं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी काही तुझी चौकट नाही."

"चौकट नाही," तो फोनवर म्हणाला. "या चित्रपटात चूक सापडली नाही."

"तुम्हाला?" बाईंना हसू आवरेना. मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "सोमवारचं बोलणं लक्षात आहे ना तुमच्या? चौकट नसेल तर त्या जागी मी जाहिरात घेते. पुढच्या आठवड्यापासून कायमचीच."

"घ्या," भिंग म्हणाला.

एवढंच. त्याच्या चौदा वर्षांच्या समीक्षेचा शेवट असा एका अक्षरात झाला. एरवी यावर त्यानं आठवडाभर तोंड पाडून हिंडायला कमी केलं नसतं, पण त्या संध्याकाळी त्याला ते आठवलंसुद्धा नाही. त्यानं ते वाक्य काढून परीक्षण फोनवरून पाठवलं, मग फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. वही पिशवीत घातली. पेन हातात राहिलं होतं, तेही आत टाकलं.

"मी फोन केल्यावर," तो म्हणाला. "त्या दिवशी. घरी गेल्यावर काय काय झालं?"

"जाऊ दे ना आता. कशाला उगाच?"

"मला ऐकायचंय."

"मधेमधे बोलशील. तुला सवय आहे."

"नाही बोलणार."

ताईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. याचं काय करावं, असा तिचा चेहरा होता. मग तिनं मशीनवर झाकण घातलं, दोरीवरच्या पँटी बाजूला सारल्या आणि समोर स्टूल ओढून बसली.

"त्या दिवशीचं असं मधूनच नाही सांगता येणार," ती म्हणाली. "सुरुवातीपासून सांगावं लागेल."

"सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. भिंग खरंच मधे एक शब्द बोलला नाही. साडेपाचला ती सांगू लागली होती. आठ वाजले तेव्हा लग्नाचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. संसार एकतीस वर्षांचा होता.