एकदाच बघायचं

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. बावीस वर्षं. त्याच्या हाताखालची एकही लिफ्ट कधी घसरली नाही, पण त्याचं कौतुक कुणाला? कामावर सगळे त्याला ‘परतबघे’ म्हणायचे. स्क्रू आवळला की परत बघ, दार लावलं की परत बघ, रस्त्यापर्यंत आला की सहा मजले चढून परत बघ.

घरी आम्ही दोघंच. मी कपडे आल्टर करून देते, दिवसभर मशीनवर मान मोडून बसते, आणि या बाबाचा दर तासाला फोन. “ताई, गॅस बंद आहे ना? ताई, चौथ्या मजल्याचं दार मी लावलंय, ठीक असेल ना?” मला लिफ्टमधलं काय कळतंय, कपाळ! तरी म्हणायचे, “ठीक असेल रे बाबा.” दहा मिनिटांनी पुन्हा तेच. नुसता वैताग. शेवटी साहेबानं बजावलं, एका लिफ्टपाशी चार-चार तास घालवायचे असतील तर घरी बस. तेव्हा मीच त्याला हाताला धरून समुपदेशक बाईंकडे नेलं.

बाईंनी उपदेश केला नाही. एक वही दिली. भीती वाटली की लिहायचं: काय घडलं, मनात काय आलं, त्यावर शंभरातला किती विश्वास, त्याच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. मग प्रयोग. गॅस एकदाच बंद करायचा, मागे न बघता बाहेर पडायचं, बेचैनी वाढेल तेवढी वाढू द्यायची आणि घड्याळ लावून बघायचं, ती आपोआप उतरते का. पहिल्या दिवशी हा कोपऱ्यावर घामानं निथळत उभा, आणि घरी परत बघायला पळू नये म्हणून मी त्याचा शर्ट धरून उभी. चाळीस मिनिटांनी म्हणाला, “ताई, उतरलं गं.” मला रडूच आलं.

मलाही काम होतं. “तुम्ही धीर देता, त्यानं भीती आणखी पोसली जाते,” बाई म्हणाल्या. “त्यांनी ‘ठीक असेल ना’ विचारलं की उत्तर द्यायचं नाही. एवढंच विचारा, हा प्रश्न तुझा की भीतीचा?” पुढेही त्या काहीतरी म्हणाल्या. कामावर खरंच काही दिसलं तर ते वेगळं, ते साहेबांना कळवायचं, असं काहीसं. मी तेव्हा भावाकडे बघत होते. कित्येक वर्षांनी त्याच्या कपाळावर आठी नव्हती.

चार महिन्यांत वहीतले नव्वदचे आकडे पंधरावर आले. काम वेळेत उरकून तो घरी यायला लागला. फोन केलाच, तर मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचा, “भीतीचा, भीतीचा!” आणि हसायचा. मीही अगदी फौजदारीण झाले होते.

एका मंगळवारी दुपारी फोन आला. “ताई, लिफ्टच्या ब्रेकखाली काळी पूड पडलीय. पुसली होती, डबा खाऊन येतो तर पुन्हा पडलेली. ठीक असेल ना?”

एरवी तो धापा टाकत बोलायचा. त्या दिवशी वीजबिल वाचून दाखवावं तसा सावकाश बोलत होता. खोटं कशाला बोलू, मला ते जाणवलं. पण समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि माझं वाक्य तर तोंडपाठ. मी विचारलं, “तुझा की भीतीचा?”

हत्यारं पिशवीत टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “भीतीचाच असेल. तपासणीची यादी एकदा पुरी केलीय. उतरतो खाली.”

“शाब्बास,” मी म्हटलं.

संध्याकाळी तो धड जेवला नाही. वहीत लिहीत बसला. आंघोळीला गेला तेव्हा मी हळूच बघितलं. ‘ब्रेक धरणार नाही. विश्वास पंच्याऐंशी. बाजूनं पुरावा: पूड. विरुद्ध पुरावा: मी परतबघे आहे.’ सगळे रकाने भरलेले बघून मला बरं वाटलं. वही होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या-उजाडल्या तो बूट चढवत होता.

“एवढ्या लवकर कुठे?”

“चक्कर मारून येतो.”

“चक्कर मारायला हत्यारांची पिशवी लागते? परत बघायला चाललास ना? चार महिने पाण्यात घालशील हं!”

“नाही गं,” म्हणाला, आणि मान खाली घालून गेला.

लिफ्टच्या मशीनला हात लावायच्या आधी मुख्य स्विच पाडायचा आणि मजल्या-मजल्यावर ‘काम चालू’ची पाटी अडकवायची, हा त्यांचा नियम. बावीस वर्षं त्यानं तो पाळला, तीन-तीनदा तपासून पाळला. त्या सकाळी स्विचही पाडला नाही, पाटीही लावली नाही. लिफ्ट बंद दिसली असती, तर परतबघे पुन्हा सुरू झाला हे साहेबाला कळलं असतं आणि मला कळलं असतं. म्हणून फक्त टॉर्च घेऊन तो वरच्या मशीनच्या खोलीत शिरला आणि ब्रेकवर वाकला. तेवढ्यात खाली झाडायला आलेल्या बाईनं बटण दाबलं. मशीन फिरलं. आधी बाही ओढली गेली.

दवाखान्यात साहेब आला, पण माझ्या नजरेला नजर देईना. ब्रेकची लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, पार पत्र्यापर्यंत झिजली होती, काळी पूड तिचीच, म्हणाला. दोन-चार दिवसांत माणसं भरलेली लिफ्ट खाली कोसळली असती. समुपदेशक बाई आल्या आणि शेजारी बसल्या. त्यांना मी कसा दोष देणार? त्यांनी सांगितलं होतं, माझेच कान नव्हते जागेवर. आणि बाईंनी सांगायची तरी काय गरज? मी त्याची सख्खी बहीण. मला त्याचा आवाज कळला होता.

दुपारी त्यानं एकदा डोळे उघडले. ओठ हलले तसा मी कान जवळ नेला.

“ताई, लिफ्ट बंद केली ना त्यांनी?”

“केली रे राजा. ब्रेक गेलाच होता. तुझं खरं होतं, अगदी खरं होतं.”

तो परत विचारणार हे मी धरून चालले होते. शंभरदा विचारलं तरी शंभरदा सांगायचं, असं मनाशी ठरवून अंधार पडेपर्यंत मी तशीच वाकून बसले. त्यानं पुन्हा विचारलं नाही.